मडक्यातला अणू

"मांगं सरका बे! महाराज अणू फोडून राह्यले!"

दुसरबीडच्या फाट्यावर निंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांचा चेला ओरडत होता, पण मागं सरकायचं सोडून माणसं पुढंच रेटत होती. मधोमध एक मडकं. मडक्याच्या तोंडात तांब्याचा लोटा घट्ट बसवलेला आणि लोट्याच्या गळ्याभोवती कण्हेरीच्या माळांचा जाड वेढा. खाली ना चूल, ना लाकूड, ना निखारा. पाच जणांनी हात लावून पाहिला होता. मडकं गार होतं.

अणूमहाराजांनी डोळे मिटले. राजस्थानच्या वाळवंटात आपल्या देशानं जमिनीखाली पहिला अणुस्फोट केला, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते आणि तेवढ्यात हे बुवा तयारसुद्धा झाले होते!

"दिल्लीवाल्यांनी अणू फोडायला किती मशीनं लावली, भक्तहो! किती साहेब लावले! आम्हाला काय लागतं? एक मंत्र! ॐ अणवे नमः, ॐ परमाणवे नमः, ॐ न्यूट्रॉनाय स्वाहा!"

पहिलं पाणी त्यांनी लोट्यात ओतलं, सूर्याला म्हणून. दुसरं माळांवर ओतलं, धरतीला म्हणून. क्षणभर काही नाही. मग आत चर्र झालं. मडकं हललं, माळांतून वाफ निघाली आणि बघता बघता लोट्यातलं पाणी खदखदायला लागलं. बायांनी पदर पसरले.

गर्दीच्या कडेला सिंधूताई उभी होती. गावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. महाराजांच्या पुढ्यात बसला होता तिचा थोरला भाऊ, भाऊराव. वय बत्तीस, अंगावर नुसती हाडं. त्याला क्षय होता. देऊळगावराजाच्या सरकारी दवाखान्यात त्याला सुया चालू होत्या, गोळ्या चालू होत्या, आणि चार महिन्यांत त्यानं दोन किलो वजन धरलं होतं. मग हे महाराज आले. तीन सुया चुकल्या. परवा खोकल्यातून पुन्हा रक्त पडलं. डॉक्टरांनी निरोप धाडला होता, आणखी खंड पडला तर औषध अंगी लागायचं बंद होईल, मग माझ्याकडेही दुसरं काही नाही.

क्षयावर उतारा म्हणून आज महाराजांच्या लोट्यातलं पाचवं पाणी प्यायचं होतं. ते प्यायलं की गोळ्यांची पुडी जमिनीत पुरायची आणि सुईला जन्मात शिवणार नाही अशी शपथ घ्यायची. पुडी भाऊरावाच्या मांडीवरच होती. दवाखान्याकडे जाणारी एस.टी. तीनला यायची. आता दोन वाजून गेले होते.

सिंधूताईला सगळ्यात जास्त काय जाळत होतं सांगू? हे सगळं तिच्याच तोंडून निघालं होतं. स्फोटाची बातमी रेडिओवर आली तेव्हा लोकांनी तिला चावडीवर बोलावलं होतं. तिनं फळा मांडून हौसेनं सांगितलं होतं, की चिमूटभर पदार्थात गावभर चुली पेटतील एवढी ऊर्जा असते. काल रात्री ती भावाच्या पाया पडली, तेव्हा तो म्हणाला, "सिंधे, तूच त सांगतलं व्हतं ना, अणूत लई शक्ती असते म्हून! आता तूच काऊन आडवी येतं?" खरंच होतं ते. ती अर्धं सांगून घरी आली होती. अणू कशानं फुटतो हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

ती गर्दीतून पुढं घुसली.

"थांबा! ह्या मडक्याखाली निखारे पुरलेत. उकरून पाहा!"

गलका झाला. महाराज मात्र हसले. एवढं गोड हसले, की तिथंच तिला कळायला हवं होतं. "उकरा बेटा, खुशाल उकरा."

मडकं बाजूला ठेवलं. कुदळ आली. हातभर खड्डा झाला, दोन हात झाला. निघाली ओली, गार माती आणि एक गांडूळ.

लोक खो खो हसले. "बाईचा निखारा वळवळून राह्यला!" कुणीतरी ओरडलं. वहिनी, म्हणजे भाऊरावाची बायको रुखमाबाई, हातात पूजेचं ताट घेऊन उभी होती. तिचे डोळे भरून आले. "ताई, तुमच्या पाया पडतो, आता तरी बस करा. माहं कुंकू वाचून राह्यलं त वाचू द्या ना!"

सिंधूताईनं लोट्याकडे पाहिलं. लोट्यात अजून बुडबुडे होते. निखारा नाही, तर मग धग येते कुठून? ऊर्जा काही आकाशातून टपकत नाही, हे ती रोज चाळीस मुलांकडून घोकून घ्यायची. कुठं तरी ती साठवलेली असणार.

तेवढ्यात कुणीतरी तिची बाही ओढली. नूरजहांबी. दरसाल शाळेच्या भिंतींना सफेदी करायची ती. हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, म्हाराजाच्या चेल्याचे हात पाह्यले काय? कोपरापर्यंत तेल चोपडलं."

"मग?"

"मंग काय! आमी चुन्यात हात घालाच्या आंधी तेल लावतो, नाई त कातडं खाते चुना. याची बोटं पाहा, माह्यासारखीच फाटेल हायेत. बुवाचा चेला कुठं सफेदी करते?"

कळीचा चुना! सिंधूताईला हसावं की रडावं कळेना. सफेदीच्या दिवशी शाळेच्या आवारात पिंपात चुन्याचे खडे टाकून वर पाणी ओतलं की ते कसे फुटायचे, उकळायचे, मुलं लांब पळायची. सगळं डोळ्यांपुढं होतं वर्षानुवर्षं. आणि इथं लोट्याचं बूड मडक्यात, मडक्यात तेच खडे, आणि ते धरतीचं पाणी माळांआडच्या फटीतून थेट खाली त्यांच्यावर!

पण हे ओरडून सांगावं, तर आता कोण ऐकणार होतं? एकदा तोंडघशी पडली होती ती. आणि महाराजांनी लोटा उचलून भाऊरावाच्या हाती दिलासुद्धा. चेल्यानं चटकन माळा मडक्याच्या तोंडावर सारल्या.

सिंधूताई पुढं झाली आणि तिनं हात जोडले.

"चुकले, महाराज. मला मडक्याची पूजा करू द्या. मग दादाला पाणी पाजा."

महाराज फुलून आले. "देखो भक्तहो, विज्ञान शरण आलं!"

तिनं वहिनीच्या ताटातली चिमूटभर हळद घेतली. मडक्याच्या काठावर उकळून आलेला ओला ओघळ होता, त्यावर तिनं हळद वाहिली. पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली.

"कुंकू!" एक बाई किंचाळली. "माय वं, हळदीचं कुंकू झालं!" धडाधड माणसं जमिनीवर डोकं टेकायला लागली. सिंधूताई काही सांगायला गेली. पण महाराजांना कुठला धीर! दोन्ही हात वर करून ते गरजले, "देवी प्रकटली! माझ्या अणूतून साक्षात देवी प्रकटली! जिथं हळद लाल होईल तिथं देवी आहे!"

"नक्की ना, महाराज?"

"त्रिवार!"

पुढच्या रांगेत म्हातारे पुंजाजीबुवा तंबाखू मळत बसले होते. सिंधूताई त्यांच्याकडे वळली. "बुवा, तुमची चुन्याची डबी द्या."

"माही डबी? ते काऊन?"

तिनं डबीत बोट घातलं, तळहातावर चुना ओढला, त्यावर हळद चोळली आणि हात उंच धरला. तळहात लाल.

पुंजाजीबुवा डबीकडे बघत राहिले, मग महाराजांकडे.

"आँ? म्हंजे चाळीस वर्सं मी देवी दाढंत धरून राह्यलो काय?"

पहिलं हसू कुणाचं फुटलं कळलं नाही. मग एक बाई म्हणाली, "आवं, पाय मुरगळला का आपण हळद-चुना लावतो, तो असाच लाल होते ना!" प्रत्येक घरातली गोष्ट, आणि एकालाही आठवली नव्हती.

चेल्यानं मडकं उचलायला हात घातला. त्याच्या आधी रुखमाबाई पोचली. ताट बाजूला टाकून तिनं माळा ओरबाडल्या आणि लाथेनं मडकं आडवं केलं. पांढरा, वाफाळता चुन्याचा लगदा मातीवर पसरला.

"ही राख आहे! अणू फुटल्यावरची राख!" महाराज अजूनही ओरडत होते. कमाल असते एकेकाची.

"अणू असा फुटत नाही," सिंधूताई म्हणाली, आणि आता तिचा आवाज वर्गातला होता. "त्याला युरेनियमसारखा जड अणू लागतो. त्याच्या गाभ्यावर न्यूट्रॉन नावाचा बारीक कण आदळला की गाभ्याचे दोन तुकडे होतात. त्यातून आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, ते शेजारचे गाभे फोडतात आणि ही साखळी लागते. फुटताना थोडंसं वजन हरवतं, त्याचीच ऊर्जा होते. तिच्याबरोबर न दिसणारे किरण निघतात. हे त्या मडक्यात घडलं असतं ना महाराज, तर आतापर्यंत पहिले तुम्ही मेला असता, मागून आम्ही."

"मंग ह्या चुन्यात गरमी कुठून आली, बाई?" पुंजाजीबुवांनी विचारलं. खरा प्रश्न त्यांनीच विचारला.

"भट्टीतून, बुवा. चुनखडी लाकडं जाळून भाजतात. त्या आगीतली काही ऊर्जा चुन्यात साठून राहते आणि पाणी पडलं की उष्णता होऊन बाहेर येते. अणू सगळे शाबूत राहतात, त्यांची नुसती जुळणी बदलते. लाकडात ती ऊर्जा सूर्याकडून आली. आणि सूर्यात अणू फुटत नाहीत, उलटे जुळतात. दीड कोटी अंशांच्या उष्णतेत हायड्रोजनचे हलके गाभे एकमेकांत मिसळून हेलियम होतो. तिथंही थोडं वजन हरवतं, आणि तेच आपल्याला ऊन म्हणून मिळतं. एवढा लांबचा प्रवास आहे त्या वाफेचा. त्यात मंत्राचं काम कुठंच लागत नाही."

फाट्यावर एस.टी.चा भोंगा वाजला.

महाराजांना आणि चेल्याला लोकांनी धरलंच होतं. दोन-चार हात उठले, तेव्हा सिंधूताई ओरडली, "मारू नका! पोलिसांच्या हवाली करा." आणि ती भावाजवळ जाऊन बसली. लोटा अजून त्याच्या हातात होता.

"दादा, माहंच चुकलं. मी तुले अर्धंच सांगतलं व्हतं."

भाऊरावानं लोटा पालथा केला. पाणी मातीत मुरलं. मग मांडीवरची पुडी त्यानं छातीच्या खिशात ठेवली आणि उठायला हात पुढं केला. एका बाजूनं बहिणीनं धरलं, दुसऱ्या बाजूनं रुखमाबाईनं. "थांबव रे गाडी!" म्हणत अर्धं गाव फाट्याकडे धावलं, आणि कंडक्टरनंही थांबवली.

तो वाचला. लगेच नाही. सुया पहिल्यापासून सुरू कराव्या लागल्या, दीड वर्ष गेलं, बहिणीच्या आणि बायकोच्या डोळ्याला डोळा लागला नाही. बरा झाल्यावर आलेल्या सफेदीला तो शाळेत आला आणि नूरजहांबीशेजारी तेल लावलेल्या हातांनी चुना कालवत बसला. पिंपात पाणी पडलं, खडे फुटले, वाफ उठली. मुलं लांब पळाली.

"पळू नका बे," भाऊराव त्यांना म्हणाला. "जवळ या, पण हात घालू नका. आन आंधी मले इचारा, हे कशानं उकळून राह्यलं."

वाचकहो, तुमच्याही गावात उद्या असं एखादं मडकं येईल. हात जोडण्याआधी एवढा एकच प्रश्न विचारा. तो विचारला नव्हता तेव्हा काय होणार होतं, ते भाऊराव आजही छातीवर हात ठेवून सांगतो.