बाबांचे अकरा सेकंद

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही, आणि ओरडून बोलायची खोड मला कधी नव्हतीच. मी एक जुना टेपरेकॉर्डर. रंगाने काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, वर धरायला कडी, आणि पाच बटणांपैकी एक कायमचं आत रुतून बसलेलं. तुमच्यातल्या काहींनी माझ्यासारखा प्राणी पाहिलाही नसेल. माझ्या पोटात कॅसेट घालायची, कॅसेटमध्ये बारीक तपकिरी फीत असायची आणि त्या फितीवर माणसाचा आवाज उतरायचा, एवढं तुम्हाला घरातलं कोणीही सांगेल.

पण एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. ती मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. माझ्या पोटात लिहिणारं एक डोकं आहे, आणि त्याच्या आधी पुसणारं एक. लाल बटण दाबलं की फीत आधी पुसणाऱ्यासमोरून जाते, मग लिहिणाऱ्यासमोर येते. नवं उतरवायचं तर जुनं पुसावंच लागतं. मी पडलो हुकमाचा ताबेदार. बटण दाबलं की थांबता येत नाही.

कारखान्यात एका बाईंनी माझ्यासमोर एक ते दहा आकडे म्हटले, मी ते तसेच्या तसे म्हणून दाखवले, आणि त्यांनी खूश होऊन माझ्या बुडाशी पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली. तिथून मी गेलो इंग्रजांच्याच मुलुखातल्या एका मास्तरांकडे. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले, खिशात कायम पेन्सिलीचे तुकडे. त्यांना एकच नाद होता. गावोगावची इंग्रजी बोली गोळा करायची.

तुम्ही म्हणाल, इंग्रजी ती इंग्रजी, पुस्तकात छापलेली, तिच्यात गोळा काय करायचं? मलाही तसंच वाटायचं. अरे, पण दर बारा कोसांवर भाषा बदलते हे काय फक्त आपल्यालाच लागू आहे? दोन घरांमधल्या चिंचोळ्या बोळाला एका गावात ‘गिनेल’ म्हणत, पलीकडे गेलं की ‘स्निकेट’, आणखी पुढे ‘जिटी’, आणि पार दुसऱ्या टोकाला ‘ट्विटन’. कामावर न्यायच्या डब्याला कुठे ‘स्नॅप’, कुठे ‘बेट’, कुठे ‘क्रिब’. बोळ तोच, डबा तोच, भूकही तीच. मास्तर प्रत्येकाला तेच चाळीस प्रश्न विचारायचे आणि नवा शब्द मिळाला की लहान मुलासारखे मांडीवर थाप मारायचे.

मुलाखत संपली की ते कॅसेटच्या पाठीवरची चिमुकली प्लॅस्टिकची जिभली मोडून टाकायचे. ती मोडली की माझं लाल बटण खाली जातच नाही, म्हणजे तो आवाज कोणाला पुसता येत नाही. “झाली पक्की,” असं म्हणून मास्तर वर नाव लिहायचे. हां, त्या मोकळ्या खाचेवर कोणी चिकटपट्टी लावली, तर मात्र मी फसतो. मला वाटतं जिभली शाबूत आहे.

असंच फिरता फिरता आम्ही एका गवंड्याच्या घरी पोचलो. हा चुना-सिमेंटचा गवंडी नव्हे. नुसते दगड एकमेकांवर बसवून शेताच्या कुंपणाच्या भिंती रचणारा. बायको वारलेली, घरात हा आणि शाळेत जाणारी एकुलती एक मुलगी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला ठेवलं, तेव्हा तो लाजून म्हणाला, की मास्तर, माझं बोलणं काय ऐकायचं, मी अडाणी माणूस. पण एकदा भिंतीचा विषय निघाला आणि गडी असा काही रंगला! भिंतीच्या पोटात भरायच्या कपच्यांना त्याचा वेगळा शब्द, वरच्या ओळीच्या दगडांना वेगळा, ससे आरपार जावेत म्हणून तळाशी ठेवायच्या भोकाला आणखी वेगळा. शब्दांचं शेवटचं अक्षर तो अर्धंच उच्चारायचा, आणि वाक्य संपताना आवाज वर चढायचा. मी शेकडो माणसं ऐकली आहेत, पण इतकं गोड बोलणं माझ्या फितीवर पुन्हा उतरलं नाही.

काही दिवसांनी मास्तर ती कॅसेट आणि मला, असं दोघांनाही त्याच्याकडे ठेवून गेले. लेकीला ऐकवा, सवडीने न्यायला येतो, म्हणाले. ते काही परत आले नाहीत. त्याच हिवाळ्यात वारले. अशा रीतीने मी गवंड्याच्या घरचा झालो.

मुलगी मोठी झाली. आवाज म्हणाल तर घंटेसारखा खणखणीत. रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायच्या नोकरीसाठी तिने अर्ज केला. मुलाखतीला गेली, चार वाक्यं वाचली, आणि समोरचे साहेब एकमेकांकडे बघून हसले. आवाज छान आहे, पण बोलणं अगदी रानातलं आहे, ते सुधारून तीन महिन्यांनी या, असं त्यांनी सांगितलं. पोर घरी आली ती रडतच. मग तिने शहरातल्या एका शिकवणीत नाव घातलं. तिथल्या बाईंचा एक नियम होता, की तीन महिने कानावर फक्त शुद्ध बोलणं पडलं पाहिजे. घरचं नाही, दारचं नाही.

त्या संध्याकाळी तिने बापाला जे सांगितलं, ते मी या कानांनी ऐकलं.

“बाबा, रागावू नका. पण परीक्षा होईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलू नका. तुमचं बोलणं माझ्या तोंडाला लागतं.”

तो हसला. मान डोलावली. आणि मित्रांनो, त्या दिवसापासून तो माणूस घरात गप्प झाला. चहा हवा असला की कप वर करून दाखवायचा. बाहेर पाऊस असला की तिची छत्री मुकाट्याने दारापाशी आणून ठेवायचा. एकदा गरम तवा हाताला लागला, तर ओरडला नाही, हात तोंडात घालून बाहेर गेला. पोरगी वाईट नव्हती हो, अजिबात नाही. तिला फक्त त्या साहेबांचं हसणं विसरता येत नव्हतं.

ती माझ्यासमोर बसून सराव करायची. घोषणा म्हणायची, ऐकायची, कपाळाला हात लावायची, पुन्हा म्हणायची. घरातल्या सगळ्या कॅसेटी घासून घासून खरखरायला लागल्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शेवटचीही अडकली आणि माझ्या पोटात फितीचा गुंता झाला. ती हताश होऊन टेबलावर डोकं टेकून बसली. बाप दारात उभा राहून बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ती शिकवणीला गेलेली असताना, तो माझ्यासमोर येऊन बसला. कपाटातून मास्तरांची ती कॅसेट काढली. आधी पूर्ण ऐकली. सशांच्या भोकाची गोष्ट आली तेव्हा एकटाच हसला. मग हातोडीच्या दांड्याला गुंडाळायची निळी चिकटपट्टी आणली, तिचा चिमुकला तुकडा कापला आणि जिभलीच्या जागी नीट बसवला. नखाने वरचं नाव खरवडून काढलं. आणि किती आठवड्यांनी माझ्याशी बोलला.

“म्हाताऱ्याची बडबड ती. हिच्या वाटेत कशाला?”

कॅसेट टेबलावर ठेवून तो कामाला गेला. मुलगी आली, कॅसेट बघितली, कोरी आहे असं समजली, आणि लाल बटण दाबलं.

मला ओरडायचं होतं. पण मला स्वतःचं असं काही बोलताच येत नाही, कोणीतरी आधी बोलून ठेवलेलंच मी बोलतो. फीत फिरत राहिली. माझं एक डोकं तिच्या बापाला पुसत गेलं आणि दुसरं तिच्या घोषणा लिहीत गेलं. भिंतीच्या पोटातल्या कपच्या गेल्या, वरचे दगड गेले, ससे गेले. त्या पापाचा धनी मीच आहे, आणि हे मी आज पहिल्यांदा कोणाला सांगतोय.

ती परीक्षा पास झाली. नोकरी लागली, ती शहरात राहायला गेली, लग्न झालं. रोज हजारो लोक तिचा आवाज ऐकून गाड्या पकडायचे. बोलणं इतकं स्वच्छ, की ती कुठल्या गावची ते कोणाला सांगता येऊ नये. इकडे बापाला गप्प बसायची जी सवय लागली, ती लागलीच. फोनवर तो तिच्याशी तिच्यासारखं बोलायला बघायचा, अडखळायचा, आणि सगळं ठीक आहे म्हणून ठेवून द्यायचा. तिच्या नोकरीच्या चौथ्या हिवाळ्यात तो वारला. घर आवरताना तिने मला आणि कॅसेटींचा खोका सोबत आणला, आणि आम्ही तिच्या पलंगाखाली बरीच वर्षं धूळ खात पडलो.

गेल्या महिन्यात तिची मुलगी शाळेतून आली आणि विचारायला लागली, की आई, आजोबा कसे बोलायचे, करून दाखव ना. आईने तोंड उघडलं. पुन्हा उघडलं. जे आलं ते घोषणेसारखं आलं. बापाचं बोलणं तिला आठवत होतं, पण तोंडात येत नव्हतं. मग तिने आम्हाला पलंगाखालून ओढून काढलं. मास्तरांनी केलेली एक कॅसेट होती, तिच्यात बाबा आहेत, असं मुलीला सांगत एकेक कॅसेट लावली. नाव लिहिलेली ती कॅसेट काही सापडेना. शेवटी खोक्याच्या तळाची, नाव खरवडलेली कॅसेट तिने माझ्यात घातली. तिचाच तरुण आवाज गाड्यांची नावं घ्यायला लागला. ती बंद करणार होती, पण मुलीला मजा वाटत होती म्हणून चालू ठेवली. अर्धा तास होत आला. घोषणा संपल्या. खट्ट झालं. आणि तिने तेव्हा सराव जिथे थांबवला होता, त्याच्यापुढे उरलेल्या चिमूटभर फितीवर तो बोलला.

“झालं ना मास्तर? मग बंद करा तुमचा डबा. ग्लोमिंग झाली, पोर येईल आता शाळेतून. दारात कोणी दिसलं नाही की कावरीबावरी होते ती.”

एवढंच. अकरा सेकंद. मग फीत संपली.

आईने कॅसेट बाहेर काढून उलटी-पालटी केली आणि तिला ती निळी पट्टी दिसली. हातोडीच्या दांड्यावरची. ती ओळखायला तिला क्षणही लागला नाही. कॅसेट छातीशी धरून ती रडली. ‘बाबा, बोला ना’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मुलगी घाबरून गेली होती. जरा वेळाने तिने हळूच विचारलं, ग्लोमिंग म्हणजे काय? आईने सांगितलं, दिवे लावायच्या आधीचा उजेड. आजोबांसारखं म्हण ना, असं मुलगी म्हणाली. आईने म्हणून बघितलं. शब्द आला, पण धुऊन इस्त्री केल्यासारखा आला. तिने ती निळी पट्टी काढून टाकली, म्हणजे आता ते अकरा सेकंद तरी कोणाला पुसता येणार नाहीत. पण फीत फिरवणारा माझा आतला रबरी पट्टा सैल झालाय. प्रत्येक वेळी ऐकताना फीत थोडी घासते, हे तिलाही माहीत आहे. म्हणून ती सारखं सारखं लावत नाही. मात्र सुट्टीच्या दिवशी मुलगी खेळून घरी यायच्या वेळी ती दारात जाऊन उभी राहते.

मित्रांनो, शुद्ध बोलायला शिका, मोठे व्हा, नोकऱ्या करा, माझी ना नाही. पण त्यासाठी घरातल्या कोणाला गप्प बसवू नका. एकदा गप्प झालेलं माणूस परीक्षा संपली म्हणून पुन्हा बोलायला लागतंच असं नाही. तुमच्या घरी कोणी वेगळं बोलणारं असेल, तर त्याला समोर बसवा, त्याच्या कामाचं काहीतरी विचारा, आणि बोलू द्या. माझं लाल बटण अजून चालतं. खुशाल मला घेऊन जा. फक्त आत घालायची कॅसेट कोरी आहे ना, एवढं आधी शेवटपर्यंत ऐकून बघा.