वळणावरचा सांधा

आजारपणात ताईच्या उजव्या हातातली ताकद गेली, तेव्हा तिने शिवणयंत्रावर चादर टाकली आणि दुकानाची किल्ली भाचीकडे सोपवली. हयातभर लोकांच्या कोटांना बाह्या बसवलेली बाई, आता चहाचा कपही दोन्ही हातांनी धरायची. बोटांना व्यायाम म्हणून मऊ चेंडू दाबायला सांगितला होता. "यातून तयार काय होतं?" असं विचारून तिने तो कपाटात टाकला.

धाकट्या भावाला घरात अजून बाळ्याच म्हणत, जरी तो बस चालवून निवृत्त झाला होता. वरच्या खोलीतल्या लांबलचक टेबलावर खेळण्यातली आगगाडी फिरवायची, ही त्याची जुनी हौस.

"नवे रूळ टाकायचेत, पण माझ्याच्याने बारीक काम होत नाही," तो म्हणाला. "माझ्या हाताखाली येतेस का?"

"येते. पण हाताखाली तू."

खेळण्यांच्या दुकानात दोन तऱ्हेचे रूळ होते. एक, ठरावीक वळणाचे तयार तुकडे, खटकन एकमेकांत बसणारे. दुसरे लांब आणि लवचिक, हवे तसे वाकवायचे. बाळ्या हळूच म्हणाला, "तयार घेऊ. तुझ्या हाताला त्रास नको."

तिथेच निकाल लागला. "मी रेडिमेड घेऊ?" ताई म्हणाली आणि लवचिक रुळांचा गठ्ठा त्याच्या काखेत दिला.

सरळ भाग झकास बसला. रुळांची टोकं जोडणाऱ्या इवल्याशा धातूच्या पट्ट्या सरकवताना बोटं हट्टाला पेटायची, दर दुसरी पट्टी जमिनीवर पडायची आणि बाळ्या टेबलाखाली रांगत ती शोधायचा. मदतीला हात पुढे केला की ताई नुसती बघायची. तो हात मागे घ्यायचा.

घोडं अडलं वळणावर. दोन रूळ जोडून वाकवले की सांध्यापाशी कोपरासारखा कोन पडायचा आणि इंजिन नेमकं तिथेच आडवं व्हायचं. बाळ्याने चाचरत विचारलं, "तयार तुकडे आणू का?" ताई दिवा मालवून खाली गेली.

सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "आपण सांधा पक्का न करताच वाकवतोय, सगळा जोर त्याच्यावर येतोय. कापड सपाट असताना शिवायचं, मग ते वळवायचं. रुळांचंही तसंच करू."

तिने दोन रूळ टेबलावर सरळ ठेवले, लाकडी चिमट्यांनी दाबून धरले. सांधे जोडायच्या मऊ धातूची, सोल्डरची तार उजव्या हातात, तापलेली डागणी डाव्या हातात. उजवा हात थरथरला, तेव्हा तिने मनगट टेबलावर टेकवलं आणि वाट पाहिली. तार वितळून सांध्यात उतरली. मग जोडलेला लांब रूळ तिने हळूहळू वाकवला. त्याची आतल्या बाजूची सळई टोकाशी बाहेर आली, तेवढी कापून टाकली. कोन पडला नाही.

गाडी धावू लागली, पण लांबच्या टोकाला धापा टाकायची. दुकानदाराने फोनवर सांगितलं, "तिथवर वीज पुरत नाही. टेबलाखालून दोन जाड तारा फिरवा आणि प्रत्येक रुळाला त्यांच्यापासून वीज द्या. बाहेरच्या सळईला लाल, आतल्या सळईला काळी." ताई वरून बारीक तारा डागायची, बाळ्या खाली उताणा झोपून त्या जाड तारांना जोडायचा. कळ दाबली तर रुळांना वीज देणारा कंट्रोलर बंद पडला. तिने एकेक तार सोडवायला लावली, तेव्हा कुठे चूक सापडली.

"इथे लाल काळीला जोडलीयस. झोप लागली होती का?"

"पाठीवर पडल्यावर मला लागतेच," तो म्हणाला. ताई पोट धरून हसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

रविवारी बाळ्याचे जुने सोबती आले. गाडी टेबलभर फिरली, वळणावरून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. बाळ्याची छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं तुटतील. "रूळ ताईने टाकलेत. वळणातला सांधा, वायरिंग, सगळं तिचंच. मी पडेल ते काम केलं."

डेपोतला जुना मेकॅनिक वाकला, गाल टेबलाला लावून वळण न्याहाळू लागला. रुळावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"वळणात सांधा आहे म्हणता. कुठे आहे?"

"शोधा," ताई म्हणाली आणि खुर्ची ओढून ऐटीत बसली.