न दुखणारा चट्टा

रंगूबाई छत्तीस सालच्या पौषात गेली. पण ते आपण झालंच नाही असं धरू. कारण आत्ता तिच्या तळहातावर मिश्रीची पितळी डबी आहे, झाकण गच्च बसलंय, आणि मेलेल्या बाईला झाकण उघडायची एवढी घाई नसते.

तव्यावर तंबाखू काळीभोर होईस्तोवर भाजायची, कुटायची, दातांना लावायची – कळस गावात तिच्या हातच्या मिश्रीला नाव होतं. दाढ दुखली, मिश्री. पोट साफ नाही, मिश्री. माहेरची आठवण आली... त्यालाही मिश्रीच. म्हणून डाव्या गालात आतून चट्टा उठला तेव्हा तिनं त्याच्यावर रोज मिश्रीच दाबली, औषध म्हणून. तो भरेना, पण दुखतही नव्हता, आणि काही न मागता राहणाऱ्या पाहुण्याला कोण हाकलतं? मग कालवण झोंबायला लागलं. नवरा, सावळाराम, म्हणाला, बाईला शहरी चव लागली. मग तोंड पुरतं उघडेना, भाकरी चिमटीनं आत सरकवावी लागे... मग मानेत गाठ.

काल बारामतीच्या बाजारात वांगी विकून झाल्यावर सावळारामनं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं आ करायला लावला, जेवढा झाला तेवढ्यातून आत पाहिलं, गाठ चाचपली.

"दुखत नव्हतं?"

"न्हाय."

"मग आधी का आला नाहीत?"

"दुखत नव्हतं म्हनून."

डॉक्टरनं सावळारामला बाजूला घेतलं. पण त्या खोलीला बाजू अशी नव्हतीच, तेव्हा तिला सगळं ऐकू आलं. तोंडाचा कॅन्सर. मिश्री बंद. चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, पांढरं कातडं धरलं, तिखट सोसेना, की तेव्हाच यायचं असतं. पांढरं आहे तोवर दाखवलं तर बहुतेक निभावतं. आता मिरजेच्या मोठ्या इस्पितळात न्या, पण... त्या 'पण'पाशी सावळारामनं टोपी काढली आणि परत घातली. येताना वाटभर तो फक्त बैलांशी बोलला.

आणि आता सकाळ. सून विजयमाला रोजच्यासारखी येऊन बसली, तळहात पुढे केला – गेल्या दिवाळीत पोरीची दाढ ठणकत होती, तेव्हा पहिली चिमूट रंगूबाईनंच दिलेली, मायेनं. केवढ्या मायेनं...

"हितं उजेडात ये. आ कर."

सुनेला वाटलं, गुळाची झडती. "म्या न्हाय खाल्ला, आत्याबाई."

सगळा खा, पण आ कर, असं रंगूबाई म्हणाली.

पोरीनं आ केला – किती मोठा, किती सहज! रंगूबाईला क्षणभर हेवाच वाटला. आणि मग खालच्या ओठाच्या आत, मिश्री धरून ठेवतात तिथं, सायीसारखा पांढरा पापुद्रा दिसला.

"दुखतं का गं?"

"न्हाय, आत्याबाई. जरासुदिक न्हाय."

पोर हसली, चांगली बातमी दिल्यासारखी. कालपासून रंगूबाईला स्वतःचं काहीच वाटलं नव्हतं, सगळं शेजारणीचं असावं तसं. आत्ता मात्र तिनं पोरीची हनुवटी घट्ट धरली. न दुखणाऱ्या ओठासाठी ऐन वांग्यांच्या तोडणीत गाडी कोण जुंपणार? सावळाराम विचारेल, दुखतंय का तिला? पोर खरं तेच सांगेल. आणि सासूचा आवाज आता अर्ध्याच तोंडातून येतो...

पाटाच्या पाण्यासाठी सावळाराम कचेरीत अर्ज लिहवून घेई, तेव्हा शेजारी बसून बसून ती भाषा तिला पाठ झाली होती. सुनेची हनुवटी तिनं सोडली नाही. मनातल्या मनात ती सांगू लागली, सावकाश, लिहिणाऱ्याला सवड मिळावी अशी –

मेहेरबान मामलेदारसाहेब, तालुका इंदापूर, यांचे सेवेशी. अर्जदार रंगूबाई भ्रतार सावळाराम, राहणार मौजे कळस, विनंती करते ऐसी जे, सदर तालुक्यातील बायकांच्या तोंडात उठणाऱ्या चट्ट्यास, उठल्या दिवसापासून दुखण्याचा सरकारी हुकूम व्हावा. आणि सदर हुकूम मागील सालापासून लागू समजण्यात यावा.