'इतर' नावाचा फोल्डर

सकाळी संगणक सुरू होईना, तसं नवऱ्याचं डोकं फिरलं.

"कितीदा सांगितलं, तुझं ते रेकॉर्डिंग कमी कर! एवढ्या भारानं गेला बिचारा!"

"संगणक काय बैल आहे, भारानं बसायला?" बायको वैतागली. "अहो, परीक्षा दहा दिवसांवर आलीय. मुलं अभ्यास कशावरून करणार?"

ती दृष्टिहीन मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत असे. सहा वर्षं, रोज दुपारी, आवाज नको म्हणून पंखा बंद करून, घामाघूम होत. मोबदला शून्य. त्यामुळे घरात या कामाला 'हिचा वेळ बरा जातो' असं म्हणायची पद्धत होती. धडे ठेवायला आणखी एक डिस्क घेऊ या, असं ती वर्षभर म्हणत होती. 'बघू' हे उत्तरही वर्षभर मिळत होतं.

शेवटी संगणकातली जुनी हार्ड डिस्क काढून दोघं दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकान चालवणाऱ्या मावशींनी डिस्क जोडली, कान लावला. आतून टकटक ऐकू येत होती.

"ही शेवटच्या घटका मोजतेय," त्या म्हणाल्या. "जितकं वाचू तितकी आणखी बिघडेल. कधी थांबेल, सांगता येत नाही. आधी काय काढू?"

"'महत्त्वाचं' नावाचा फोल्डर!" नवरा पुढे सरसावला. "माझा आहे."

"आणि दृष्टिहीन मुलांसाठी फुकट वाचलेले माझे धडे?"

"ते 'इतर'मध्ये आहेत ना? निघतील गं मागून."

हे नाव त्यानंच ठेवलं होतं. ती सहा वर्षं रोज तेच उघडत होती.

मावशींनी पडदा त्याच्याकडे वळवला. "साहेब, यादी आलीय. तुमच्या 'महत्त्वाचं'मध्ये फ्रिजची पावती आहे."

"तो फ्रिज कधीच भंगारात गेला," बायको म्हणाली.

"निरोप समारंभाची चार भाषणं. एकाच धबधब्याचे दोनशे फोटो. पाच वर्षांत एकालाही हात लागलेला नाही. आणि 'इतर'मधल्या तारखा बघा. काल दुपार. परवा दुपार. रविवारही सुटलेला नाही! पगार नाही म्हणजे काम नाही, असं धरून चाललात तुम्ही. अहो, ज्याच्यावाचून कुणाचं तरी अडतं, ते महत्त्वाचं. तुमच्या भाषणांवाचून कुणाचं अडलंय?"

नवऱ्यानं वाद घालायला तोंड उघडलं.

"वाद नंतर घाला हो!" बायको ओरडली. "ती मरतेय तिकडे!"

त्यानं पुन्हा त्या तारखांकडे पाहिलं. त्याला मनापासून लाज वाटली. "मावशी, 'इतर' आधी काढा! माझं राहू दे!"

दोन हजार एकशे त्रेचाळीस धड्यांपैकी दोन हजार एकशे चाळीस निघाले आणि डिस्क कायमची गप्प झाली. भाषणं गेली, धबधबा गेला. आजवर कुणी चौकशी केलेली नाही.

राहिलेले तीन धडे पुन्हा वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करायला ती त्याच दुपारी बसली. नवऱ्यानं न सांगता टीव्ही बंद केला, खिडक्या लावल्या.

"पंखा?" त्यानं हळूच विचारलं.

"तोही."

पंखा बंद करून तो तिथंच बसला. पाचव्या मिनिटाला सदरा पाठीला चिकटला. सहा वर्षं म्हणजे किती दुपारी, याचा हिशेब त्याला तेव्हा कळला.

वाचकहो, बिनपगारी काम म्हणजे बिनमहत्त्वाचं काम नव्हे! आपल्याही घरात कुणाचे तरी कष्ट आपण 'इतर'मध्ये टाकून दिले असतील. ते आजच शोधा आणि त्यांना त्यांचं नाव द्या. टकटक ऐकू येईपर्यंत थांबू नका.