स्टुडिओच्या दारावर कंडक्टरबाई

कंडक्टरबाईंचा आवाज म्हणजे काय सांगावं! बसच्या पुढच्या दारातून ओरडल्या, की मागच्या बाकावर झोपेचं सोंग घेतलेला माणूस उठून तिकीट काढायचा. बाई निवृत्त झाल्या, आवाज काही झाला नाही. अशा बाईच्या घरात स्टुडिओ निघणार म्हटल्यावर अख्खी बिल्डिंग हसली.

पण निघाला. गिटार वाजवणाऱ्या लेकीने अडगळीची खोली रिकामी केली. जुन्या गाद्या भिंतींना उभ्या केल्या, खिडकीवर जाड पडदा सोडला. छत मात्र तसंच राहिलं. माइक एकच, तोही गिटारच्या भोकासमोर नाही, जरा बाजूला, तिरका. समोर धरला की आवाज घुमतो म्हणे. कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो म्हणून कॉम्प्युटरच बाहेर टेबलावर ठेवला आणि वायर दाराखालून आत घेतली. फ्रिजसुद्धा बंद केला. कंडक्टरबाई कमरेवर हात ठेवून जो भेटेल त्याला सांगत होत्या, "आमच्याकडे स्टुडिओ झालाय. कपाटाएवढा आहे, पण आहे!"

एका नाटक कंपनीला नव्या नाटकासाठी नुसत्या गिटारवरची धून हवी होती. अट एकच, एका दमात वाजवलेली हवी, कुठे तुकडे जोडायचे नाहीत. आज संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. पसंत पडली तर सगळ्या नाटकाचं संगीत लेकीकडे. आजवर दुसऱ्यांच्या गाण्यांमागे बसून वाजवणाऱ्या पोरीला पहिल्यांदाच कुणीतरी पुढे बोलावलं होतं. मग पहाऱ्याला आईशिवाय कोण? कंडक्टरबाईंनी स्टूल ओढलं, स्टुडिओच्या दाराला टेकून बसल्या आणि स्वतःच्याच तोंडावर बोट ठेवलं.

लेक वाजवायची, बाहेर येऊन हेडफोन लावून ऐकायची आणि कपाळाला हात लावायची.

"मधल्या अवघड जागी मी घाई करतेय, ते जमेल," ती म्हणाली. "पण आई, मागे आवाज येतोय गं. टक, टक, टक. सारखा."

"वरची!" कंडक्टरबाई कडाडल्या. "तिचं शिलाई मशीन. दुसरं कोण असणार?"

वरच्या मजल्यावरच्या शिलाईबाईंशी त्यांचा कित्येक वर्षांचा अबोला होता. "तारा छेडून पोट भरतं का पोरीचं?" असं त्या एकदा जिन्यात बोलून गेल्या होत्या. कंडक्टरबाई स्वतःवरचं काहीही हसण्यावारी नेत, पण लेकीवर शब्द? छे! तेव्हापासून दोघी समोरासमोर आल्या तरी भिंतीकडे बघून जात. आता त्याच दारात जाऊन विनवण्या करायच्या म्हणजे अगदी जिवावर आलं. पण लेकीचं घोडं अडलं होतं. मानापमान खुंटीला टांगून कंडक्टरबाई जिना चढल्या.

"अहो, तेवढं मशीन थांबवा," त्या दारातूनच म्हणाल्या. "हात जोडते. पोरीचं काम खोळंबलंय."

शिलाईबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मशीन? ती वाजवायला बसली की मी मशीनला हातच लावत नाही. काजं करते, बटणं लावते. मशीनच्या गोंगाटात गिटार ऐकू येणार कसं?"

"म्हणजे... तुम्ही ऐकता?"

"रोज! गिऱ्हाईकं बोंबलतात, कपडे वेळेवर मिळत नाहीत म्हणून. तुमच्या लेकीची कृपा!" मग सुईकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हा बोलले ते चुकलंच माझं. तुम्ही बोलणंच टाकलंत, मग सांगणार कुणाला?"

कंडक्टरबाईंचा ऊर असा भरून आला, की रागाला जागाच उरली नाही. तरी जन्मभर बिनतिकिटाचे प्रवासी पकडलेली बाई, नुसत्या शब्दावर विश्वास ठेवते होय? "मी इथेच बसते," त्या म्हणाल्या, लेकीला खिडकीतून हाक मारून "वाजव!" म्हणाल्या आणि मशीनसमोर खुर्ची टाकून राखणीला बसल्या.

खालून सूर यायला लागले. शिलाईबाईंची सुई चालत होती, मशीन गप्प होतं. धून संपली, थोडा वेळ गेला आणि लेकीची हाक आली, "आई, अजून येतोय! आता तर डोक्यावरूनच येतोय!"

कंडक्टरबाईंनी मशीनकडे बघितलं. त्याच्यावर झाकण होतं.

"येणारच," शिलाईबाई म्हणाल्या. "जरा स्वतःचा पाय बघा."

त्यांची टाच अजून जमिनीवर पडत होती. टक, टक, टक. खाली हीच टाच स्टुडिओच्या दारावर आपटत होती.

"अगं बाई, मीच!"

"काखेत कळसा नि गावाला वळसा," शिलाईबाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

ऊन उतरायला लागलं होतं. या खेपेला दोघी पलंगावर मांडी घालून बसल्या. कंडक्टरबाईंनी आपले पाय घट्ट धरून ठेवले. इतक्या वर्षांचं बोलायचं साठलं होतं आणि नेमकं आत्ताच बोलायचं नव्हतं. शेवटचा सूर विरेपर्यंत दोघी हलल्या नाहीत.

थोड्या वेळाने लेक धावतच वर आली. "स्वच्छ आलं! पाठवूनसुद्धा दिलं!"

"ती टाच माझी होती गं," कंडक्टरबाई ओशाळून म्हणाल्या. "आधीचं सगळं पुसून टाक. माझी मलाच लाज वाटतेय."

"तुझी होती?" लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. मग त्यांच्या शेजारी टेकली. "मला वाटलं, मशीन एवढं लयीत कसं चालतं! आई, त्या अवघड जागी दर वेळी मी घसरत होते, ती टकटक एकदाही घसरली नाही. आत्ता शेवटचं वाजवताना मी तीच मनात धरली होती. म्हणून तर जमलं. मी नाही पुसणार."

कंडक्टरबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"ऐकलंत ना, शिलाईबाई?" त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीने माझ्या ठेक्यावर वाजवलं!"