रुसलेलं चाक

कल्पना करा हं. साबणाच्या कारखान्यामागचा रुंद, रिकामा रस्ता. रविवारची सकाळ. रस्त्याच्या कडेने चाळीस-पन्नास माणसं उभी आहेत आणि त्यांत तुम्हीही आहात. समोरून एक छोटी लाल गाडी येते आहे. काच खाली आहे. चालवणाऱ्या बाईंनी दोन्ही हात असे वर केले आहेत, जणू कुणी त्यांच्यावर पिस्तूल रोखलं आहे. स्टिअरिंगवर कुणाचाच हात नाही! तरी गाडी पट्टीने आखल्यासारखी सरळ येते आहे.

(तुम्ही मोठे झालात की हे करून पाहू नका. ज्याला करावंसं वाटेल त्याने आधी माझ्याकडे कान घेऊन यावं.)

गर्दीतून "अरे वा!" असा गजर झाला, कारण दहाच मिनिटांपूर्वी हीच गाडी हात सोडताच कडेच्या गटाराकडे निघाली होती. शाळा सुटल्यावर तुम्ही घराकडे निघता ना, अगदी तशी. मधल्या दहा मिनिटांत पान्याला किंवा हातोडीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. नाडीगुरूंनी फक्त चाकाची नाडी पाहिली होती.

हे नाडीगुरू म्हणजे पांढराशुभ्र सदरा घातलेले, आवाजात मध कालवलेले गृहस्थ. ते गाडीपुढे उकिडवे बसत, टायरवर दोन बोटं ठेवत, डोळे मिटत आणि "हूं" म्हणत. मग निदान होई.

"डावं चाक रुसलंय," ते लाल गाडीच्या मालकिणीला म्हणाले होते. "त्याला कुणीतरी खड्ड्यात घातलं आणि माफीही मागितली नाही."

"मीच घातलंय हो, पुष्कळदा," बाई ओशाळून म्हणाल्या.

गुरू चाकाच्या कानात काहीतरी पुटपुटले. चाकाला कान कुठे असतो, हे मला विचारू नका. मग त्याला तांब्याची बारीक तार बांधली. "रोज सकाळी चाकाशी दोन गोड शब्द बोला. आणि एक लक्षात ठेवा, पाना लावायचा नाही. पाना लागला की नाडी तुटते."

लाल गाडीच्या मालकीणबाई आठवडाभर घरोघर पार्सलं पोचवायच्या. पण त्यांचा जीव अडकला होता शर्यतीच्या ट्रॅकमध्ये. वर्षातून एकदाच तो ट्रॅक साध्या माणसांसाठी खुला होई, आणि यंदाचा दिवस पुढच्याच रविवारी होता. त्यांची पुढची चाकं मात्र फार लवकर झिजत होती आणि वेगात गाडी चुळबुळ करी. म्हणून त्या गुरूंकडे आल्या होत्या.

त्यांच्याबरोबर त्यांची दहा वर्षांची भाची होती. तिला घरात सगळे 'चौकशी' म्हणत. का म्हणत, ते कळेलच.

दोन दिवसांनी मावशी चौकशीच्या घरी आली. अंगणात गाडी लावली आणि चाकाला गोंजारत म्हणाली, "शहाणं माझं बाळ ते."

चौकशीचा चेंडू गाडीखाली गेला म्हणून ती आडवी झाली, आणि तिथूनच ओरडली, "मावशी, तुझ्या बाळाला केस आलेत!"

"काहीतरीच काय!"

"खरंच. चाकाच्या आतल्या बाजूला. पांढरे."

चौकशीचे बाबा गवंडी होते. ते हातातलं काम टाकून आले, वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. टायरचं रबर आतल्या कडेला पार संपून त्यातले धागे बाहेर आले होते. बाहेरून मात्र टायर नवा दिसत होता.

"ड्रायव्हरीणबाई, हा टायर घेऊन ट्रॅकवर जाणार होता? वळणावर फुटला असता म्हणजे?"

"पण भाऊजी, गाडी सरळ जाते! हात सोडून गेली. मी स्वतः आत बसले होते."

"सरळ जाते म्हणजे चाकं सरळ आहेत, असं कुठे आहे? चौकशी, चल, दोन्ही चवडे बाहेर फाकवून अंगणभर चालून दाखव."

चौकशी बदकासारखी फेंगडी चालत भिंतीपर्यंत गेली.

"वाकडी गेलीस?"

"नाही, सरळच गेले. पण चप्पल घासते आहे."

"झालं तर. दोन्ही पाय सारखेच फाकलेले, म्हणून एक उजवीकडे ओढतो तेवढंच दुसरा डावीकडे. माणूस सरळ जातो, झिजते ती चप्पल. चाकांचंही हेच झालंय का, ते आता मोजू या."

"मोजायचं कसं?" चौकशीने विचारलं. पाहिलंत ना, ते नाव का पडलं?

बाबांनी भिंत बांधताना लावतात ती दोरी आणली, म्हणजे सूत. अंगणाचा सपाट भाग पाण्याच्या पातळीनळीने तपासून गाडी तिथे घेतली. चारही टायरांत हवा नीट भरली. स्टिअरिंग सरळ करून बांधून टाकलं. मग गाडीच्या पुढे आणि मागे रंगाच्या डब्यांवर एकेक पाइप आडवा ठेवला आणि दोन्ही बाजूंनी सूत ताणलं, चाकांच्या मध्याच्या उंचीवर. डावं सूत पुढच्या चाकाच्या मध्यापासून जेवढं दूर, तेवढंच उजवं, मागेही तसंच. दोन्ही सुतांमधलं अंतर पुढे-मागे सारखं. एवढं जमवायलाच अर्धा तास गेला. मावशी दोनदा सुताला अडखळली.

"सुतावरून स्वर्ग गाठणारे पुष्कळ पाहिले," ती पुटपुटली. "सुतावरून चाक गाठणारे तुम्हीच."

बाबांनी पट्टी चौकशीच्या हातात दिली. सुतापासून चाकाच्या लोखंडी रिंगची पुढची कड किती दूर आणि मागची कड किती दूर, एवढंच मोजायचं होतं. गवंड्याच्या भाषेत सूत हे मापही असतं, इंचाचा आठवा भाग.

"पुढची कड सुताच्या जास्त जवळ आहे," चौकशी म्हणाली. "एक सूत." दुसरीकडे जाऊन तिने पुन्हा मोजलं. "इथेही एक सूत!"

म्हणजे दोन्ही चाकं बाहेरच्या बाजूला फाकलेली. चाललीय गाडी सरळ, घासतायत टायर.

मावशी म्हणाली, "मग आधी ती गटाराकडे का गेली? आणि नंतर का नाही? मी डोळ्यांनी पाहिलंय."

"पाहिलंत ते खोटं नाही," बाबा म्हणाले. "आधी गाडी कुठून चालवली होती?"

"कडेने."

"आणि नंतर?"

मावशी आठवू लागली. "गुरू म्हणाले, आता रस्ता मोकळा आहे, मधोमध घ्या..."

चौकशी लगेच चेंडू शोधायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यामागे पुन्हा गर्दी होती. आज बेकरीवाल्याच्या गाडीचा नंबर होता. गुरू बोटं टेकवणार एवढ्यात चौकशी पुढे झाली. तिने रस्त्याच्या कडेपासून हातभर आत चेंडू ठेवला आणि सोडला. चेंडू हळूहळू गटारात गेला. तिने तो काढला, पुसला आणि रस्त्याच्या बरोबर मध्ये ठेवला. चेंडू जागच्या जागी बसून राहिला.

"बाळ," गुरू मधाळ हसले, "चेंडूला काय कळतं?"

"काहीच कळत नाही, काका. म्हणून तर त्याला विचारलं."

बेकरीवाला फिसकन हसला. गुरूंनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो खोकला.

"रस्ता कासवाच्या पाठीसारखा बांधतात," बाबा म्हणाले. "पाणी साचू नये म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरता. असे रस्ते मी स्वतः बांधलेत."

"रस्त्याचा इथे संबंध नाही!" गुरूंचा मध थोडा पातळ झाला. "ही नाडीची विद्या आहे."

"मग आज फक्त उलटं करू या," चौकशी म्हणाली. "बेकरीवाल्या काकांच्या गाडीची नाडी तुम्ही अजून पाहिली नाही ना? ती आधी मधोमध चालवू. आणि मावशीची तुम्ही बरी केलेली गाडी कडेने."

"असं उलटं केलं की नाडी उलटी फिरते!"

"फिरू दे हो," मावशी किल्ली काढत म्हणाली. "चार दिवसांनी मला हिच्यात बसून वळणं घ्यायची आहेत. आज कळलेलं बरं."

बेकरीवाल्याची रुसलेली, नाडी न पाहिलेली, पावांच्या ट्रेंनी भरलेली गाडी मधोमध हात सोडून निघाली आणि नाकासमोर सरळ गेली. मावशीची तांब्याची तार बांधलेली, गोड शब्दांवर वाढलेली गाडी कडेने निघाली आणि मावशीने हात सोडताच गटाराकडे वळली. मावशीने वेळीच ब्रेक दाबला.

मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे गुरुजी, रुसलेला रस्ताच म्हणायचा!"

मग जो हशा पिकला तो थांबेना. नाडीगुरूंनी स्वतःच्याच मनगटावर दोन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आज माझीच नाडी मंद आहे." आणि सायकलवर बसून निघून गेले. मधोमध, सरळ.

मुलांनो, त्यांनी काय केलं, ते नीट पाहा. नव्हतं ते दुखणं त्यांनी बरं केलं आणि होतं ते तसंच ठेवलं. त्यात वर पाना लावायची बंदी! कुणी म्हणालं, 'तपासू नका, नाहीतर गुण जाईल,' तर तिथेच थांबा आणि तपासा. खऱ्या गुणाला पट्टीची भीती नसते. एवढं साधं मागणं आहे माझं.

त्यानंतर मावशीने नवे टायर बसवले. अंगणात पुन्हा सूत ताणलं. पुढच्या चाकांखाली पत्र्याचे दोन-दोन तुकडे, त्यांच्या मध्ये ग्रीस, म्हणजे चाक जागच्या जागी वळतं. चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा दांडा असतो. त्याचं नट सैल करून मावशीने तो दोन्हीकडे सारखा फिरवला, पुढची-मागची कड सुतापासून सारखी येईपर्यंत, आणि नट पुन्हा आवळलं. चौकशी मोजत होती, बाबा वहीत लिहीत होते. मग ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, सोडून चाक वरून खाली किती कललंय तेही पाहिलं.

"ट्रॅकसाठी चाकाचा माथा जरासा आत कलवायचा," मावशी म्हणाली. "गोल धावताना तू आत झुकतेस ना, तसं. वळणावर गाडी बाहेर कलते, तेव्हा टायर पूर्ण टेकतो. रोजच्या रस्त्याला मात्र एवढा कल नको, आतली कड झिजेल."

म्हणून वहीत दोन पानं झाली. एकावर लिहिलं 'रोजचं', दुसऱ्यावर 'ट्रॅकचं'.

रविवार उजाडला. ट्रॅकवर गाड्या रांगेत उभ्या होत्या. मावशीने हेल्मेट चढवलं आणि चौकशीच्या पाठीवर थाप मारली. "तू मोजलंयस ना? मग मला काळजी नाही. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

चौकशीच्या कपाळाला आठी पडली. "पण मावशी, इथवर शंभर खड्डे लागले. आणि माझंच चुकलं असेल तर?"

"अगं, माझा नंबर आलाय!"

पण ती ऐकते कुठे? तिने टेपचं एक टोक बाबांच्या हातात दिलं आणि गाडीपुढे आडवी झाली. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मोजलं. मग मागच्या कडांमधलं. दोन्ही अगदी सारखी यायला हवी होती. पुढचं अर्धा सूत जास्त आलं. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग ती हात घालून चाचपत डाव्या दांड्याच्या नटापर्यंत पोचली. ते बोटांनी फिरलं.

गाडीखालून तिचा हात बाहेर आला.

"बाबा, पाना द्या."