सत्तेचाळीस वह्या

लिदियाला जाऊन तीन महिने झाले होते आणि तिच्या जागेचा निकाल शनिवारपर्यंत लावायचा होता. नगरपालिकेत दफनभूमीचं काम बघणाऱ्या बाईंनी बातिस्तला दोनदा समजावून सांगितलं होतं. आत्ताची जागा तात्पुरती आहे. एकाची, पंधरा वर्षांची हवी असेल तर नऊशे फ्रँक. दोघांची, तीस वर्षांची हवी असेल तर सत्तावीसशे. आणि दोघांची कायमची, जिथून कधी कोणी उठवणार नाही अशी हवी असेल तर अठरा हजार.

बातिस्तला कायमचीच हवी होती. एकेचाळीस वर्षं एका खाटेवर काढल्यावर तीस वर्षांच्या बोलीने शेजारी झोपायचं हे त्याला पटत नव्हतं. त्याच्याकडे बारा हजार सहाशे होते. राहिलेले पाच हजार चारशे कुठून आणायचे, याची त्याला मुळीच चिंता नव्हती. ते खाली कॅसिनोत होते. आणायला जायचं तेवढं बाकी होतं.

बातिस्त घड्याळं दुरुस्त करायचा. बोसोलेच्या चढावर, जिथे फ्रान्स संपतो आणि पायऱ्या उतरल्या की मोनाको लागतो, तिथे त्याचं खिडकीएवढं दुकान होतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने रूलेटची, म्हणजे चाकावर गोळी फिरवून लाल-काळ्या आकड्यांवर पैसे लावायच्या खेळाची, एक पद्धत बसवली होती. साधी होती. लागोपाठ तीनदा एकच रंग आला की चौथ्या वेळी उलट रंगावर पैसे लावायचे. हरलो तर दुप्पट, पुन्हा हरलो तर पुन्हा दुप्पट. रंग कधीतरी बदलणारच. बदलला की मागचं सगळं वसूल, वर पहिल्या डावाएवढा नफा.

लिदियाने तेव्हाच अट घातली होती. तिच्या बापाने याच टेबलांवर मासेमारीची होडी घालवली होती. ती म्हणाली, "तू त्या दारातून आत पाऊल टाकायचं नाहीस. आधी कागदावर सिद्ध कर. पन्नास वह्या भरून तुझी पद्धत टिकली, तर मी स्वतः तुझा कोट इस्त्री करून देईन."

"आकडे कुठून आणू? दुकान कोण बघणार?"

"मी जाईन. बसेन, लिहीन, येईन. एक पैसा लावणार नाही."

रोजचे आकडे छापणारी पत्रकं बाजारात मिळत. बातिस्त ती घेत नसे. छापलेलं कोणीही छापतं, असं तो म्हणायचा. बायकोच्या हातचा आकडा वेगळा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो तिला प्रवेशाचे पैसे द्यायचा. दुपारी ती पायऱ्या उतरून जायची आणि दिवेलागणीला वही घेऊन यायची. जेवण झालं की तो भिंग लावून बसायचा आणि एकेक आकडा आपल्या पद्धतीतून काढायचा. पहिल्या तीन वह्यांत पद्धत तीनदा बुडाली. तेव्हा तो आठवडाभर कोणाशी बोलला नव्हता, सूपसुद्धा तसंच ठेवून उठायचा. चौथ्या वहीपासून मात्र पद्धतीला जणू सूर सापडला. त्यानंतर ती एकदाही बुडाली नाही. लागोपाठ सहापेक्षा जास्त वेळा एक रंग कधी आलाच नाही.

सत्तेचाळिसावी वही चालू असताना लिदिया गेली. चव्वेचाळीस वह्या टिकल्यावर आणखी तिनांसाठी अडायचं कारण बातिस्तला दिसेना. अट घालणारीच राहिली नव्हती. गुरुवारी त्याने कोट स्वतःच इस्त्री केला.

हिशेब त्याने वह्यांवरूनच बसवला होता. पहिला डाव दोनशेचा. मग चारशे, आठशे, सोळाशे, बत्तीसशे, चौसष्टशे. सहा डावांना बरोबर बारा हजार सहाशे लागतात. म्हणजे नऊ वेळा एकच रंग आला तरच तो बुडणार. त्या चव्वेचाळीस वह्यांत सहाच्या वर कधी गेलं नव्हतं. सत्तावीस वेळा दोनशे मिळाले की जागा झाली.

त्याच दुपारी कॅसिनोत चार तासांत चौदा वेळा मिळाले. कोणाचं लक्षही नव्हतं त्याच्याकडे. आणखी उद्याची एक दुपार, असं तो मनात म्हणत होता तेवढ्यात तीन काळे आले. त्याने लालवर दोनशे ठेवले. चौथा काळा. पाचवा काळा. सहावाही काळा आला तेव्हा तो निर्धास्त होता, कारण इथवर वह्या त्याच्या बाजूने होत्या. सातव्यापासून पुढे त्या वह्यांत काहीच नव्हतं. आठव्याला त्याने बत्तीसशे ठेवले, नवव्याला चौसष्टशे. दोन्ही काळे. तो खुर्चीवर बसून राहिला. दहावा काळा आला. अकरावा लाल आला, तेव्हा त्याचं टेबलावर काही नव्हतं.

खिशात अठ्ठावीसशे उरले होते.

शुक्रवारी सकाळी त्याचा मित्र गास्पार पाव घेऊन वर आला. लिदिया गेल्यापासून तो रोज यायचा. त्याने तीस वर्षं खाली कॅसिनोत रूलेटच्या चाकावर गोळी फिरवली होती आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. वह्यांबद्दल त्याला कधी सांगितलं नव्हतं. तो हसेल, असं बातिस्तला वाटायचं. आज सत्तेचाळीस वह्या जमिनीवर पसरल्या होत्या आणि मधोमध बातिस्त बसला होता.

"हे काय, दुकान विकायला काढलंस?"

बातिस्तने सगळं सांगितलं. गास्पार हसला नाही. पाव टेबलावर ठेवून खाली बसला.

"अरे, गोळी सुटते तेव्हा तिला मागचं काही ठाऊक नसतं. दहा काळे होऊन गेले तरी अकराव्याला लालची बाजू तेवढीच, काळ्याची तेवढीच, आणि मधे शून्याचा तुकडा कॅसिनोचा. तुझी पद्धत चौदा वेळा दोनशे देते आणि एकदा सगळं घेऊन जाते. सगळ्या पद्धतींचं तेच."

"माझ्याकडे आणखी असते तर..."

"तर पुढचा डाव बारा हजार आठशेचा होता. रंगावर दहा हजारांच्या वर घेत नाहीत, टेबलावर पाटी असते. ती तुझ्यासारख्यांसाठीच लावलेली आहे."

"मग या कशा टिकल्या?" बातिस्तने वह्या पुढे सरकवल्या. "चव्वेचाळीस वह्या, गास्पार."

गास्पारने एक उघडली. मग दुसरी. मग मधलीच एक. 

"हे कुठून आणलंस?"

"लिदियाने. तुमच्याच टेबलावरून."

"बातिस्त, हे चाकाचे आकडे नाहीत." त्याने बोट फिरवलं. "एकच आकडा लागोपाठ दोनदा आलाय का कुठे? शोध. चाकावर दिवसभरात दहाबारा वेळा तरी येतो. शून्य बघ, पोस्टमनसारखं ठरल्या वेळी येतंय, पानाला तीनदा. लागोपाठ सात लाल, आठ काळे हे तर मी रोज बघायचो. माणूस मनाने आकडे लिहायला बसला की असं होतं. चार काळे लिहिले की त्याचा हात आपोआप लालकडे जातो. आणि तुझी पद्धत नेमकी त्या हातावर जिंकते."

बातिस्तने पहिल्या तीन वह्या ओढून त्याच्यापुढे ठेवल्या.

"या पहिल्या तीन खऱ्या आहेत," गास्पार म्हणाला. त्या पेन्सिलीने, मांडीवर धरून लिहिल्यासारख्या वेड्यावाकड्या होत्या. बाकीच्या शाईच्या, टेबलावर बसून लिहिल्यासारख्या. तिचं अक्षर सुधारलं म्हणून बातिस्तने तिचं कौतुक केलं होतं. "आणि एक सांगू? इतकी वर्षं दुपारची पाळी माझी होती. पहिल्या वर्षी ती दिसायची. मग दिसली नाही. मला वाटलं, तुझा नाद सुटला."

बातिस्तने वही नाकाशी नेली. पानं जराशी दमटून सुरकुतली होती. समुद्राच्या हवेने होतात, असं तो समजत आला होता. पानांना साबणाचा वास येत होता.

लिदियाच्या मैत्रिणीची, पिनाची, लाँड्री तीन वळणं खाली होती. दुपारी तिथे गल्लीतल्या चारपाच बायका पत्ते खेळत. बातिस्त आत गेला तेव्हा वाफेने खिडकी आंधळी झाली होती आणि पिना एकटीच बार्बाजुआन, पालेभाजी भरलेल्या तळलेल्या करंज्या, खात बसली होती. तिने ताटली पुढे केली. त्याने वही ताटलीशेजारी ठेवली.

पिनाने हात पुसले. "कधीतरी येशील असं वाटलंच होतं."

"इथे बसून लिहायची?"

"त्या खुर्चीवर."

"आणि आकडे?"

"आम्ही सांगायचो. मी सतरा म्हणायची, दुसरी कोणी एकोणतीस म्हणायची. आमच्यातल्या मार्गाला नेहमी तिच्या नातवाचं वय सांगायची खोड, म्हणून बघ, दरवर्षी एकेक आकडा वाढत गेलाय. एकदा आम्ही पाच काळे ओळीने दिले तर लिदिया म्हणाली, बायांनो पुरे, आज त्याला जेवण जाणार नाही."

"तुम्ही हसायचात."

"हसायचो. मग काय रडायचं?" पिना थांबली. "पहिल्यांदा ती खरंच जायची. तुझी ती पद्धत बुडाली आणि तू आठवडाभर तोंड पाडून बसलास. ती म्हणाली, याला कागदावर जिंकू दे, घरात शांतता राहील. आणि राहिली की नाही?"

"प्रवेशाचे पैसे मी द्यायचो. दर वेळी."

"पत्त्यांत हरली. फार वाईट खेळायची, बातिस्त. तुझ्या पैशाने माझं इस्त्रीचं टेबल आलं."

बातिस्त त्या टेबलाकडे बघत राहिला. एकोणीस वर्षं तो रात्री भिंग लावून मार्गाच्या नातवाचं वय तपासत होता, आणि लिदिया समोर बसून मोजे शिवत होती. मधूनच ती विचारायची, "आज कसं झालं?" तो सांगायचा, "टिकली." ती म्हणायची, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"पन्नास वह्या झाल्या असत्या तर मग?" त्याने विचारलं. "तेव्हा काय करणार होती?"

"होऊच देणार नव्हती. शेवटी शेवटी दिवसाला दोन ओळी लिहायची. तू म्हणालास टेबल मंद आहे का, तर म्हणाली हो, पर्यटक कमी आहेत." पिनाने खिडकीकडे पाहिलं. "तिला वाटायचं तू आधी जाशील. आम्हा सगळ्यांचे नवरे आधीच गेले. त्यात तुझी छाती कमजोर. ती म्हणायची, दोन वह्या बाकी ठेवून जाईल बिचारा, सुखात जाईल."

"तिने मला सांगायला हवं होतं."

"हो," पिना म्हणाली. "आजारी पडली तेव्हा मीही तेच म्हटलं तिला. म्हणाली, आता कुठे सांगू."

"आणि तू? तीन महिने रोज मला बघतेस."

पिनाने ताटली पुन्हा त्याच्याकडे सरकवली. त्याने वही तिथेच ठेवली.

शनिवारी नगरपालिका बारापर्यंत उघडी होती. बाईंनी त्याची फाईल आधीच काढून ठेवली होती. "कायमच्या जागेचं जमलं का?"

"नाही."

"हरकत नाही. दोघांची तीस वर्षांची घ्या. सत्तावीसशे. तेवढे आहेत?"

होते. वर शंभर उरत होते. बातिस्तने खिशात हात घातला, नोटा हाताला लागल्या. आजारपणात शेवटच्या आठवड्यात तिने त्याचा हात धरून विचारलं होतं, "कितवी वही चालू आहे?" तो म्हणाला होता, "सत्तेचाळिसावी. तीनच राहिल्या." ती डोळे मिटून हसली होती. ते हसू त्याने तीन महिने जपून ठेवलं होतं. आता ते कोणावर होतं, हे त्याला कळेना.

"एकाची द्या," तो म्हणाला. "पंधरा वर्षांची."

बाईंनी मान वर केली. "शेजारची जागा आत्ता मोकळी आहे. नंतर मिळेल असं मी सांगू शकत नाही."

"माहीत आहे."

"आणि तुम्ही?"

"माझं मी बघेन."

बाईंनी रकाने भरले. शिक्के मारले, पावती फाडली. मग शेवटचा रकाना राहिला म्हणून पेन उचललं. "पंधरा वर्षांनी मुदत संपली की कोणाला कळवायचं? तुमचंच नाव घालू?"

बातिस्त टोपी हातात फिरवत उभा होता.

"पिना घाला," तो म्हणाला. "लाँड्रीवाली. लिदियाचं सगळं तिलाच आधी कळतं."